सोंगाचे चिंचोके

रविवार, ८ जानेवारी १९६१. अमरावती

आमच्या छापखान्यात दरवर्षी दैनंदिन्या बांधतात. यंदा एक तिरपी कापली गेली, ती मालकांनी मला दिली. पानावरच्या ओळी उताराला लागल्यासारख्या दिसतात. तरी मी सरळ लिहिण्याचा प्रयत्न करीन.

आठवडाभर लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे. मी तयार केलेला खेळ आज पहिल्यांदा खेळला गेला.

मी गोदाबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो. त्यांच्याच ओसरीवर दुपारी बसलो. रद्दीतल्या मोठ्या कागदावर मी मेळघाटातली जुनी वाट काढली आहे: अचलपूर, परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी. वाटेवर घरं आखली आहेत. कवड्या टाकायच्या आणि पडेल तेवढी घरं पुढे जायचं. पण नुसतं पुढे जायचं नाही. प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं आणि वाटेत जे आडवं येईल त्याला त्या माणसासारखं तोंड द्यायचं. आडवं काय येतं ते मी सांगतो. मी पंच. पंचाने स्वतः खेळायचं नाही, हा नियम मीच केला.

शेजारच्या वकिलांचा कमलाकांत सरदार झाला. तो बी.ए.ला आहे आणि गणपतीच्या दिवसांत नाटकांत काम करतो, म्हणून त्याने आधीच पंच्याचा फेटा बांधून ठेवला होता. माझ्याबरोबर छापखान्यात बांधणीला असलेला देवमन वाटाड्या झाला. गोदाबाईंची भाची रमा कापडाची व्यापारी झाली. ती अकोल्याची. मॅट्रिक झालेली आहे, मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी मावशीकडे राहते. गोदाबाई एकादश्या, प्रदोष सगळं पाळणाऱ्या, म्हणून त्यांना मी म्हटलं, तुम्ही यात्रेला निघालेल्या बाई व्हा.

"कायले? जन्मभर तेच तर करून राहिली," गोदाबाई म्हणाल्या. "मी चोर होते."

सुरुवातीला सगळे लाजले. कवड्या टाकायचे, सरकायचे, गप्प बसायचे. मग परतवाड्याच्या मुक्कामात गोदाबाईंनी सरदाराचा घोडा चोरला आणि वर त्यालाच विचारलं, "सरदार, पायी काहून निघाले? तब्येत बरी हाये ना?" तेव्हापासून खेळ जिवंत झाला. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की जो आपलं सोंग चांगलं वठवील त्याला चिंचोका मिळेल, आणि एका चिंचोक्याला एक घर पुढे. गोदाबाईंनी चिंचोक्यांचा डबाच आणून दिला.

चहा आला तेव्हा ताटात चार कप आणि एक पितळी पेला होता. पेला कोणासाठी होता ते देवमनला कळलं, मला कळलं. रमाने ताट मावशीच्या हातून घेतलं, कप आमच्यापुढे ठेवले आणि पेला आपल्याकडे ठेवून घेतला.

"मले पेल्यातच आवडते," ती म्हणाली.

गोदाबाई रिकामं ताट घेऊन आत गेल्या. देवमनने कप उचलला. मी पंच होतो, तरी पटावरची घरं मोजत बसलो.


मंगळवार, १० जानेवारी

चिंचोके देण्याचं मी घाईत जाहीर केलं. आता काळजी लागली आहे. चांगलं वठवलं म्हणजे काय? आज छपाईचे अक्षरांचे खिळे जुळवताना सगळा वेळ तोच विचार. शेवटी असं ठरवलं: आवाजाला एक, हावभावाला एक, आणि प्रसंग रंगला तर आणखी एक. निश्चित असलं की भांडण होत नाही.


रविवार, १५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आज तिळगूळ खाऊन खेळायला बसलो. चहाला पाच कप होते. पाचवा गोदाबाईंनी कुठून काढला कोण जाणे, त्याचा कान तुटलेला आहे. तो त्यांनी स्वतः घेतला.

कमलाकांतने सरदाराच्या तोंडी मोठं भाषण घातलं. "हे सातपुड्याच्या कड्यांनो!" असं सुरू झालं ते चहा निवेपर्यंत चाललं. त्याला तिन्ही चिंचोके द्यावे लागले. नियमच तसा आहे. गोदाबाईंना दोन. देवमनला आज काही नाही. तो फार कमी बोलतो.

रमाबद्दल एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिली पाहिजे. तिचं बोलणं मला चांगलं वाटतं, पण ते ती बोलण्याआधीच वाटतं. नाक्यावरच्या शिपायाशी ती घासाघीस करत होती (शिपाई मीच होतो), तेव्हा मी तिचं म्हणणं पुरतं न ऐकताच जकात माफ केली. पंचाला हे शोभत नाही. म्हणून ठरवलं आहे की तिचे जेवढे चिंचोके होतील त्यातला एक कापून घ्यायचा. पक्षपात टाळायला दुसरा उपाय नाही.

तिने आज विचारलं, "पंच, माह्या आवाजात काही खोट हाये का?"

मी म्हटलं, "नाही, नाही. आवाज उत्तम आहे."

"मग चिंचोका?"

मी कवड्या गोळा करू लागलो.


रविवार, २२ जानेवारी

आज सगळं बिघडलं.

चिंचोक्यांसाठी जो तो सोंग करू लागला आहे. गोदाबाई प्रत्येक घरावर रडतात, चोराला रडायचं कारण नसताना. कमलाकांत सरदार म्हणून दोनदा मेला आणि दोनदा उठला. धारणी राहिली बाजूला.

सेमाडोहच्या अलीकडे एक नाला आहे. तिथे वाघ बसला आहे असं मी फक्त देवमनच्या कानात सांगितलं, कारण वाटाड्याला रान कळतं. सगळ्यात पुढे रमाची व्यापारी होती. ती नाल्यात उतरली असती तर वाघाने तिचे गठ्ठे उधळले असते आणि मागच्यांना वाट मोकळी झाली असती. कमलाकांतला माझ्या कुजबुजण्यावरून अंदाज आला. तो मिशीवर हात फिरवत वाटाड्याला म्हणाला, "तोंड मिटून राहा. आमच्या शेजारच्या घरावर तुला आणून बसवतो. तोंड उघडलंस तर तांड्यातून हाकलून देईन."

देवमनने पटाकडे पाहिलं. मग रमाला म्हणाला, "बाई, थांबा. नाल्यात वाघ हाये."

एवढंच. सरदाराने त्याला हाकलला आणि त्याची सोंगटी परत परतवाड्याला गेली. इतक्या रविवारांची त्याची वाट पाण्यात गेली. कमलाकांतने रागाचं जे भाषण केलं ते झकास होतं. त्याला मी तीन चिंचोके दिले. देवमनला आवाज नाही, हावभाव नाही, प्रसंग रंगला म्हणावा तर तो कमलाकांतने रंगवला. काही दिलं नाही.

रमा म्हणाली, "पंच, याले काईच नाई?"

मी नियम सांगितला.

"तुमचा नियम बहिरा नाई, आंधळा हाये. त्याले फक्त ऐकू येते." तिने आपले होते तेवढे सगळे चिंचोके देवमनपुढे सरकवले. देवमनने ते उचलले नाहीत. खेळ तिथेच मोडला.

मी नियम पुन्हा वाचून पाहिला. त्यात चूक सापडत नाही, आणि तरी चूक आहे.


मंगळवार, २४ जानेवारी

दुपारच्या सुट्टीत देवमनबरोबर छापखान्याच्या मागे निंबाखाली बसलो. त्याने भाकरीवर ठेचा ठेवून अर्धी मला दिली. मी म्हटलं, "रविवारचं मनातून जात नाही."

"मले चिंचोके नाई पायजेत, बंडूभाऊ. पण ज्याच्या गळ्यात आवाज हाये त्याच्याच पदरात तुमी टाकून राहिले. तसं तर बाजारातला लिलाववाला पयला येईन."

"मग कशावर द्यावेत?"

त्याने आधी घास संपवला. देवमनशी बोलताना घाई चालत नाही. मग त्याने आपल्या वडिलांचं, देवरावांचं सांगितलं.

"छप्पनमधी बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला. घरातले देव टोपल्यात घातले आन पेढी नदीत सोडून आला. माय रडली. बाप म्हणला, 'झालं.' बस. त्या देवांमधी एक टाक होता, त्याच्या मायनं मरताना त्याच्या हातात देलेला. त्याचं तो एक अक्षर बोलला नाई. पण अजूनही त्या कोनाड्यात काही ठेवू देत नाई कोणाले. कोनाडा रिकामाच हाये." त्याने हात झटकले. "आता सांगा, माह्या बापाले तुमी किती चिंचोके द्यान? आवाजाचा एक कापून घ्यान का?"

ठेचा फार तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं. त्याने आपला तांब्या माझ्याकडे सरकवला.

परत कामाला लागल्यावर एक गोष्ट हळूहळू उलगडली. माणूस काय बोलला हे पाहायचंच नाही. आपण जे आहोत ते राहण्यासाठी त्याने काय सोडलं, ते पाहायचं. वाटाड्याने आपली सगळी वाट सोडली, कारण वाघ आहे हे माहीत असून गप्प बसला तर तो वाटाड्या कसला?


रविवार, २९ जानेवारी

नवा नियम सांगितला: सोंगासाठी जो नुकसान सोसेल त्यालाच चिंचोका. मागच्या वेळचे देवमनचे मी आज भर ओसरीत त्याच्या हातावर मोजून दिले. त्याने या खेपेला घेतले. वर म्हणाला, "पंच सुधारले."

कमलाकांतचा चेहरा पडला. "म्हणजे मी आता बोलायचं की नाही?"

"बोला ना," रमा म्हणाली. "फुकट बोला."

तो एवढा हसला की फेटा सुटला. कमलाकांत मनाचा मोकळा आहे, हे लिहून ठेवतो. त्याने पुढच्याच घरावर आपला घोडा दमलेल्या वाटाड्याला दिला आणि सरदार स्वतः पायी निघाला. भाषण केलं नाही. नुसतं लगाम दिल्यासारखा हात पुढे केला. आतापर्यंतचं त्याचं सगळ्यात चांगलं काम.

गोदाबाई पकडल्या गेल्या. शिपाई मागे लागले असताना चोरलेला तांब्या टाकून दिला असता तर सुटल्या असत्या. पण म्हणाल्या, "चोर हाये मी, तांब्या कसा टाकू? लाज नाई वाटत?" कैदेत एक डाव गेला आणि चिंचोका मिळाला. त्यांनी तो कपाळाला लावला.

रमाचा एक चिंचोका झाला होता. कापल्यावर काही उरलं नाही.

चहाच्या वेळी गोदाबाई म्हणाल्या की येत्या शनिवारी सोडून पुढच्या शनिवारी, म्हणजे ११ तारखेला, रमा अकोल्याला जाणार. तिच्या वडिलांनी, केशवरावांनी, एक स्थळ काढलं आहे. मुलगा बी.एस्सी., सरकारी नोकरीत. रविवारी पाहुणे बघायला येणार आहेत. हे सांगताना गोदाबाई माझ्याकडे का पाहत होत्या ते कळलं नाही. मी अभिनंदन केलं.

म्हणजे १२ तारखेच्या खेळात व्यापारी नसेल. तिच्या गठ्ठ्यांची काय व्यवस्था करावी याचा विचार करावा लागेल. आज जेवण गेलं नाही. ठेचा अजून बाधत असावा, पण त्याला आता बरेच दिवस झाले.


रविवार, ५ फेब्रुवारी

आजचा प्रसंग जसा घडला तसा लिहितो.

तांडा हरिसालला पोहोचला. इथे मी एक फाटा ठेवला आहे: सरळ धारणीला जायचं, की मुक्काम करून मागच्यांची वाट पाहायची. रमाची पाळी आली. मी विचारलं, "व्यापारीण बाई, पुढे जाणार की थांबणार?"

तिने कवड्या टाकल्याच नाहीत. हातात धरून ठेवल्या.

"मले पुढं जायचं नाई, पंच. घरच्यांनी ठरवलं हाये, माल अकोल्याच्या बाजारात न्यायचा. भाव चांगला येईन म्हणतात. येईनही. पण या तांड्यात एक माणूस हाये. मी नाक्यावर भांडले तर त्यानं माही जकात माफ केली. मी चांगलं बोलले की तो मान खाली घालते आन माह्या हिश्शातलं कमी करते, आपल्याले दिसत नाई असं त्याले वाटते. त्यानं एकदा थांब म्हटलं तर मी थांबते. अकोल्याचा बाजार गेला तरी चालन. पण त्यानं म्हणायले पायजे. मी आपून होऊन किती थांबू?"

कमलाकांतचं तोंड उघडं होतं. मी पटाकडे पाहिलं आणि म्हटलं, "पण हरिसालहून अकोल्याला वाट नाही. पटावर अकोलाच नाही."

"पटावर नाई," रमा म्हणाली.

मला वाटलं, एवढं खरं सोंग आजवर कोणी वठवलं नाही. चांगला भाव सोडायला ही व्यापारी तयार झाली, तेही एका शब्दावर. नव्या नियमात ते तंतोतंत बसत होतं. मी पहिल्यांदाच काही कापलं नाही. डब्यातून ओंजळभर चिंचोके घेतले आणि तिच्यापुढे ठेवले. म्हटलं, "वा! याला म्हणतात सोंग."

ती चिंचोक्यांकडे पाहत राहिली. मग एकेक करून सगळे परत डब्यात टाकले, झाकण लावलं आणि आत निघून गेली.

गोदाबाईंनी कपाळाला हात लावला. कमलाकांत म्हणाला, "बंड्या, अरे बंड्या," आणि पुढे काही न बोलता घरी गेला. भाषण करणाऱ्या माणसाला एवढ्यावरच थांबलेलं मी प्रथम पाहिलं.


सोमवार, ६ फेब्रुवारी

ओंजळ कमी पडली का? की इतरांच्या देखत दिले म्हणून संकोच वाटला असेल?


मंगळवार, ७ फेब्रुवारी

गोदाबाईंनी सकाळचा चहा दिला त्यात साखर नव्हती. मी तसाच पीत राहिलो. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"कडू लागते का?"

"थोडा."

"लागू दे. काय रे बंडू, खिळे जुळवता जुळवता डोक्यातही शिसं भरलं का तुह्या? पोट्टी एवढी बोलली. बाईच्या जातीनं याहून काय सांगावं? पाटी लिहून गळ्यात घालू का तिच्या?"

"कशाबद्दल?"

"मायबाई!" म्हणून त्या आत गेल्या.

छापखान्यात देवमनला सगळं विचारलं. तो पुठ्ठ्याला खळ लावत होता. मान वर न करता म्हणाला, "ते सोंग नव्हतं, बंडूभाऊ."

"मग काय होतं?"

"तुमी हाये तसं बोलू देत नाई कोणाले. पंच होऊन बसले. मग बिचारीनं व्यापारी होऊन सांगतलं. आन तुमी बक्षीस देलं."

मी माझ्या जागेवर परत आलो. एका लग्नपत्रिकेचं काम होतं. दोन तासांत दोन ओळी झाल्या आणि त्या मोडून पुन्हा जुळवाव्या लागल्या. वरचं सगळं, आठ जानेवारीपासूनचं, मी आता वाचलं. माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. एखाद्या मुलाला वाचायला दिलं असतं तरी त्याला कळलं असतं.


गुरुवार, ९ फेब्रुवारी

काय करावं?

जातगोताचा प्रश्न नाही. केशवराव आमच्या अचलपूरच्या घराला ओळखून आहेत, मला मात्र त्यांनी पाहिलेलं नाही. प्रश्न सातवीचा आहे. वडील गेल्यावर शाळा सुटली ती सुटली. ती मुलींना शिकवणार, आणि मी दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जुळवणार. बी.एस्सी.च्या पुढे सातवी कशी उभी राहील? असा विचार केला की वाटतं, गप्प बसणंच प्रामाणिकपणाचं आहे. मग वाटतं, वाघ आहे हे माहीत असलेल्या वाटाड्यालाही गप्प बसणं सोयीचं होतं.

कमलाकांत येऊन म्हणाला, "मी तुला चार वाक्यं लिहून देतो. तिच्यासमोर म्हण. दगड पाझरेल."

मी नको म्हटलं. त्याला थोडं वाईट वाटलं. त्याने ती आधीच लिहून आणली होती.

रमा समोरून जाते ती पाहत नाही. आज विहिरीवर भेटली. मी म्हटलं, "रमाबाई." ती थांबली. मी म्हटलं, "दोर नवा दिसतो." ती म्हणाली, "हो, नवा हाये." आणि गेली.


शनिवार, ११ फेब्रुवारी

ती सकाळच्या बसने गेली. मी कामावर होतो. कामावर राहण्याची गरज नव्हती.

संध्याकाळी गोदाबाईंना सांगितलं की उद्या खेळ नाही, मी अकोल्याला जातो. त्यांनी घरचा पत्ता सांगितला, लगेच शेगडी पेटवली आणि माझा सदरा मागून घेऊन इस्त्री केला.


सोमवार, १३ फेब्रुवारी

काल पहिल्या बसला देवमन सोडायला आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "वाघ हाये नाल्यात. पण जा."

मूर्तिजापूरपर्यंत मी बोलायची वाक्यं तयार करत होतो. अकोल्याला उतरेपर्यंत ती तयार झाली. केशवरावांच्या दारात पोहोचेपर्यंत एकही उरलं नव्हतं.

दारात रांगोळी होती. मी पायरी चढतो न चढतो तोच केशवराव धोतराचा सोगा सावरत पुढे आले. "या, या! लवकर आले. बाकीचे मागून येऊन राहिले वाटते? बसा, बसा." मला गादीवर बसवलं, लोड पाठीशी दिला, पाणी आलं. इस्त्रीचा सदरा पाहून त्यांनी मला पाहुण्यांपैकीच धरलं. कदाचित मुलगाच. मला म्हणाले, "बसमध्ये त्रास नाई झाला ना? आमची रमा स्वयंपाकात हुशार हाये. स्वभाव थोडा तडक हाये, पण मनानं चांगली."

आतल्या दाराच्या पडद्याखाली पावलं दिसत होती. ती मला ओळखू आली.

खरं लिहितो. एक क्षण वाटलं की असंच बसून राहावं. लोड मऊ होता. असा मान मला कोणी कधी दिला नव्हता, आणि मी न मागता मिळाला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी उठून गादीवरून खाली सतरंजीवर बसलो.

"मी पाहुण्यांतला नाही," मी म्हटलं. "मी गोदाबाईंचा भाडेकरू. नाव पुरुषोत्तम. बंडू म्हणतात. छापखान्यात खिळे जुळवतो."

केशवरावांचा हात हवेतच राहिला. "गोदानं काही निरोप देला का?"

"नाही. मी आपला आलो."

"शिक्षण?"

"सातवी."

"मग आज, या दिवशी, काहून आले तुमी?" ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

केशवरावांना उत्तर द्यायला हवं होतं, पण मी पडद्याकडे वळलो. त्या पावलांना म्हटलं, "रमाबाई, थांबा."

एवढंच बोललो. आवाज चांगला निघाला नाही, चिरकला.

पावलं हलली नाहीत. केशवराव कधी पडद्याकडे, कधी माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आत जाऊन विचारलं, "हे काय हाये, रमे?" आत बरंच बोलणं झालं. मला त्यातलं तिचं एकच वाक्य नीट ऐकू आलं: "त्यायच्या तोंडून हे निघायले किती कष्ट पडले, तुमाले नाई कळणार, बाबा."

केशवराव बाहेर आले ते टोपी घालून. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाहुण्यायले सांगून येतो, आज नका येऊ म्हणून. माही मान खाली गेली ती गेली." पायरी उतरून पुन्हा वर आले. "पण सातवीवर मी पोरगी देणार नाई. आदी मॅट्रिक व्हा. पास झाले तर या. नाई झाले तर हे तोंड दाखवू नका. तोवर थांबते म्हणते रमा. थांबू द्या."

"गणित कच्चं आहे," मी म्हटलं. मला लपवून ठेवणं बरं वाटेना.

"मले काय सांगता?" ते ओरडले. "ते मास्तरीण होऊन राहिली ना? तिले सांगा!" आणि तरातरा निघून गेले.

रमा पोह्यांची ताटली घेऊन आली. पाहुण्यांसाठी केलेले पोहे, वर खोबरं, कोथिंबीर. तिने ताटली माझ्यापुढे ठेवली आणि उंबऱ्याशी बसली. डोळे लाल होते, पण हसू दाबत होती.

ताटलीच्या काठावर एक चिंचोका होता. स्वयंपाकघरातल्या चिंचेतून आत्ताच काढलेला. गर अजून ओला होता.

मी तो पुसून सदऱ्याच्या खिशात ठेवला. एकच होता. तरी परतीच्या बसमध्ये मी तो सारखा काढून मोजत होतो.